सात नंबर राखीव

या मशीनसाठी तयार पॅकेज आता कुणी बांधत नाही.
बत्तीस बिटांचा म्हातारा डबा,
घाटकोपरच्या टेकडीवर, जलाशयाच्या केबिनमध्ये,
वर करकरता पंखा, खाली मुंग्यांच्या पावडरची रेघ.
म्हणून सोर्सच आणलाय पेनड्राइव्हवर,
रुमालाच्या गाठीत, बाजारात न्यायच्या पैशांसारखा.

गाठोडं सोडलं. फायली घरंगळल्या.
कॉन्फिगर एकेक विचारत सुटलं, स्वतःशीच :
कंपायलर आहे का. आहे.
चालतो का. चालतो.
आजूबाजूचं वातावरण शहाणं आहे का.
मी केबिनभर नजर फिरवली.
माझ्याआधीच ते म्हणालं, आहे.

मग अडलं. लिबटूल नाही.
इम्तियाज फोनवर जांभई देत :
अगं, आधी ऑटोजेन. रीडमी वाचायला ठेवलेलं असतं, शोभेला नाही.
वाचलं. चालवलं.
मग मेक, एकदम चार हातांनी, घाई माझीच.
पाऊण तासाने आत कुणीतरी कंपायलरचा गळा दाबला
आणि एकच शब्द ठेवून गेलं : किल्ड.
मेमरी संपली. एक जीबीत किती बिऱ्हाडं बसवायची?
मेक क्लीन.
पुन्हा पहिल्यापासून, एकाच हाताने.

असं बांधकाम चालू असताना माणसाला काही काम नसतं.
मी खण उघडला.
खाकी पुठ्ठ्याचं रजिस्टर. मुरारी लाड, चावीवाले.
(रिटायर झाले की वारले, इथे कुणी नक्की सांगत नाही.)
रकाने आखलेले, पट्टीने :
तारीख, व्हॉल्व्ह, उघडला, बंद, दाब, फेरे,
आणि सातवा, सगळ्यात रुंद, शेरा.

‘असल्फा वरची आळी, लग्न आहे, अर्धा तास जादा सोडले.’
‘कुत्रीने खड्ड्यात पिल्ले घातली. झाकण सावकाश काढणे.’
‘बावीस फेरे. हात दुखतो. बदली नाही.’
आणि एका गुरुवारी नुसतंच :
‘पाणी गोड.’

नव्या साच्यात शेरा नाही. मीच काढला.
तीन मिनिटांची मीटिंग; सेन्सर काय शेरा मारणार, मॅडम,
आणि मी मान हलवली होती.
आता तारेवरून ‘दाब’ हा शब्दसुद्धा जात नाही,
पाच जातो, आणि त्यामागे आकडा.
नावं दोन्ही टोकांना ज्याची त्याने लक्षात ठेवायची.
एका वस्तीचं पहाटेचं पाणी
तेरा बाइटांत मावतं. मी मोजलंय.
तेव्हा अभिमान वाटला होता.

साडेतीनला मेक थांबलं, न भांडता.
इन्स्टॉल केलं, हाक मारली, तर म्हणे लायब्ररी सापडत नाही.
शेजारच्याच फोल्डरात होती ती.
एलडीकॉन्फिग. पुन्हा हाक.
या वेळी त्याने आपला व्हर्जन नंबर सांगितला,
पहिल्या दिवशी शाळेत नाव सांगावं तसा.

साचा उघडला. एक ओळ घालायची राहिली होती.
नियम आहे : काढून टाकलेला नंबर
पुन्हा कुणाला द्यायचा नाही.
कुठेतरी एखादा जुना प्रोग्राम अजून जागा असतो,
सात दिसला की तो शेराच वाचायला बसतो.

पाठीमागे भालेराव उभा, डोळे चोळत.
मोटर दोनच व्हॉल्व्हना बसल्यात, बाकीचे त्याच्या हातावर.
‘झालं का मॅडम? सोडायची वेळ झाली.’
मग स्क्रीनकडे वाकून, ‘हे सातला काय?’
राखीव.
‘कुणासाठी?’
कुणासाठीच नाही, म्हटलं.

त्याला ते पटलं असावं, किंवा उशीर झाला असावा.
कोपऱ्यातली पाच फुटी चावी खांद्यावर टाकून
तो पायऱ्या उतरला.
फेरे इथवर ऐकू येत नाहीत.
मी रजिस्टर खणात ठेवलं,
मग पुन्हा काढलं
आणि तारीख घातली.